आईस हॉकीतून कॉलेजात जायचं तर...

नोव्हीची_निशा | ५ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. टेनिस, पोहणं, स्पेलिंग बी यांचे धागे इथे ढिगानं आहेत. आईस हॉकीचा एकही सापडला नाही, म्हणून नवीन काढतेय.

आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या उपनगरात असतो. चिरंजीव जानेवारी २०११ चे, सध्या नववीत, १४यू ट्रिपल-ए मध्ये (१४ वर्षांपर्यंतच्या मुलांची सर्वात वरची पातळी) डिफेन्स खेळतात. जन्म पुण्याचा, चार वर्षांचा असताना इकडे आलो. शेजारच्या मुलाचे जुने स्केट्स घालून बर्फावर उतरला तो आता बाहेर यायचं नाव घेत नाही. घरात आम्हा दोघांनाही या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. आता ऑफसाइड आणि आयसिंग कळतं, पण पुढचा रस्ता कळत नाही.

आठवी संपल्यापासून ईमेलांचा पाऊस पडतोय. कुठे ‘कॉलेज एक्स्पोजर’ शोकेस (कोचना खेळ दाखवायच्या स्पर्धा), कुठे अमक्या युनिव्हर्सिटीच्या कोचचा समर कॅम्प, “तुमच्या मुलाची निवड झाली आहे” वगैरे. टीममधल्या दोघांनी ‘अ‍ॅडव्हायझर’ धरलाय, म्हणजे टीम-कॉलेज निवडायला मदत करणारा सल्लागार. त्यांच्यातल्या एकाचे बाबा म्हणतात, आत्ता नाही धरला तर गाडी सुटली. आमच्या घरातून सूचना आहे की हे सगळं सोड आणि एसएटीच्या मागे लाग.

डी-वनची, म्हणजे कॉलेजच्या खेळांतल्या सर्वात वरच्या विभागाची, स्कॉलरशिप आपल्यासारख्यांच्या मुलांना खरंच मिळते का? कधी काय करायचं असतं? ज्यांची मुलं यातून गेली त्यांनी सविस्तर लिहा. “खेळू दे गं, मजा करू दे” हा सल्ला सासूबाईंनी देऊन झालाय.

सदाशिव_पेठेतून | ५ ऑक्टोबर, रात्री १०:१२

हॉकी म्हटल्यावर धावत आलो, तर इथे बर्फ निघाला! आमची हॉकी म्हणजे खडकीची, धनराज पिल्लेची. पुतणी खेळते, चांगली खेळते. तिकडे मैदानी हॉकीला स्कॉलरशिप नसते का? अवांतराबद्दल क्षमस्व.

मिनेसोटाचा_बापू | ५ ऑक्टोबर, रात्री ११:०५

@सदाशिव, पुतणी आहे म्हणून सांगतो, असते. एनसीएएत (कॉलेजच्या खेळांची अमेरिकन संघटना) फील्ड हॉकी फक्त मुलींची आहे, मुलांची टीमच नाही. परदेशी मुलीही बऱ्याच येतात. वेगळा धागा काढा, लिहीन मला माहीत आहे ते.

निशाताई, तुमच्यासाठी उद्या बसून लिहितो. आत्ता रिंकवरून आलोय, पाय गारठलेत.

मिनेसोटाचा_बापू | ६ ऑक्टोबर, रात्री ८:३०

हं, आता. थोरला ज्युनियर खेळून डी-थ्री (खालच्या विभागातल्या) कॉलेजात गेला, धाकटी अकरावीत आहे. म्हणजे दोन्ही बाजूंनी खिसा रिकामा झालेला आहे.

निशाताई, शोकेस, अ‍ॅडव्हायझर सगळं नंतर. आधी वयाचं बघा. तुम्ही बारावी झाली की कॉलेज असं धरून चालला आहात. मुलांच्या हॉकीत तसं बहुधा होत नाही. डी-वनमध्ये पहिल्या वर्षाला आलेला मुलगा बरेचदा १९ किंवा २० वर्षांचा असतो, कधी २१ ला टेकलेला. बारावीनंतरची एक-दोन वर्षं, कधी तीनही, तो ज्युनियर हॉकी खेळतो. परक्या गावात, दुसऱ्याच्या घरी ‘बिलेट’ म्हणून राहतो. बहुतेक खेळांत बारावीनंतर वर्षभरापेक्षा जास्त रेंगाळून स्पर्धा खेळलं की एनसीएए पात्रता कापली जाते. हॉकीला यात पूर्वीपासून सवलत आहे, आणि सगळी व्यवस्था त्या सवलतीवर उभी आहे. त्यामुळे तुमचा मुलगा १८ व्या वर्षी कॉलेजच्या टीमसाठी धडपडेल तेव्हा समोरचा २० चा असेल, दाढी आलेला, वीस पौंडांनी जड. कोच कोणाला घेईल?

आता ज्युनियरच्या पायऱ्या. अमेरिकेत सर्वात वर यूएसएचएल. तिथे खेळायला पैसे पडत नाहीत आणि डी-वनमधली खूप मुलं तिथूनच येतात. मस्केगनची टीम तुमच्याच राज्यातली, २०२५ चा क्लार्क कप, म्हणजे या लीगचं विजेतेपद, त्यांनीच घेतला. यूएसए हॉकीचा राष्ट्रीय डेव्हलपमेंट प्रोग्रॅम प्लिमथला, म्हणजे तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पण तिथे देशभरातून वर्षाला वीस-पंचवीसच मुलं घेतात. त्याखाली एनएएचएल. तिथे खेळायची फी नाही, बिलेटचा खर्च घरून. त्याखाली टियर-थ्री, जिथे सगळंच घरून. कॅनडात ज्युनियर-ए लीग आहेत. केल मकार आल्बर्टाच्या ज्युनियर-ए मधून यूमासला (मॅसॅच्युसेट्स युनिव्हर्सिटीत) आला आणि २०१९ चा होबी बेकर, म्हणजे कॉलेज हॉकीतल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, घेऊन गेला. ब्रिटिश कोलंबियाची बीसीएचएल तर २०२३ मध्ये हॉकी कॅनडातून बाहेर पडून स्वतंत्र झाली.

गेल्या वर्षीपर्यंत चित्र एवढंच होतं. मग एनसीएएनं नोव्हेंबर २०२४ मध्ये ठराव केला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून सीएचएलची, म्हणजे कॅनडातल्या सर्वात वरच्या ज्युनियर लीगची (ओएचएल, डब्ल्यूएचएल आणि क्यूएमजेएचएल) मुलं डी-वनला पात्र झाली. पूर्वी ओएचएलमध्ये एक सामना खेळला तरी एनसीएएचं दार बंद व्हायचं, कारण तिथे एनएचएलशी (व्यावसायिक लीगशी) करार झालेली मुलं खेळतात आणि महिन्याला भत्ता मिळतो. पंधरा वर्षांच्या पोरानं आणि त्याच्या आईबापांनी त्या वयात कायमचं ठरवायचं, हा की तो. आता तसं नाही. गॅव्हिन मकेना सीएचएलच्या मेडिसिन हॅट संघातून थेट पेन स्टेटला आलाय, म्हणजे २०२६ च्या एनएचएल ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात तो) पहिल्या क्रमांकासाठी ज्याचं नाव घेतलं जातंय तो मुलगा यंदा कॉलेजात खेळतोय.

बातमी म्हणून उत्तम. आपल्यासाठी अर्थ काय? डी-वनच्या टीम साठाच्या थोड्या वर. एकेका टीममध्ये २६ च्या आसपास मुलं, म्हणजे वर्षाला सहा-सात जागा मोकळ्या होतात. त्यातल्या काही ट्रान्स्फर पोर्टलमधून, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून बदलून, आलेले भरतात, काही आता सीएचएलवाले. राहिल्या त्या यूएसएचएलच्या पोरांना. पूर्वी जो खालच्या फळीतल्या डी-वन कॉलेजात सहज लागला असता तो डी-थ्रीत येतोय, आणि डी-थ्रीवाला क्लब हॉकीत. वरून ढकललं की रांगेतला प्रत्येक जण एक पायरी खाली सरकतो. हे कोणीही ब्रोशरवर छापणार नाही.

बाकी नंतर. मिसेस जेवायला हाका मारतायत.

ब्रॅम्प्टनकर | ६ ऑक्टोबर, रात्री ९:५०

बापूसाहेबांना अनुमोदन. ओंटारिओच्या बाजूनं थोडी भर.

निशाताई, मिशिगनची मुलं ओएचएलच्या ड्राफ्टमध्ये येतात. सॅगिनॉ आणि फ्लिंट या ओएचएलच्या टीम तर तुमच्याच राज्यात आहेत. तुमचा मुलगा २०११ चा, म्हणजे त्याचा ड्राफ्ट २०२७ च्या वसंतात. यूएसएचएलचा फेज-वन ड्राफ्टही त्याच सुमाराला. नाव आलं तर पेढे वाटा, नाही आलं तरी काही बिघडत नाही. माझ्या भाच्याचं नाव कुठेच नव्हतं. सतराव्या वर्षी उंची वाढली आणि मग फोन वाजायला लागले.

सीएचएलमध्ये खेळलेल्या हंगामांच्या हिशेबानं कॉलेजसाठी शिष्यवृत्ती मिळते. तिच्या अटी प्रत्येकानं नीट वाचाव्यात, विशेषतः किती वर्षांत वापरायची आणि कशानं रद्द होते ते. आमच्याकडे लोक जर्सीवर सही करून फोटो टाकतात आणि कागद न वाचता फायलीत लावतात.

स्वराली_एम | ७ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

मुलींचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझी मुलगी बॉस्टनजवळ १९यू खेळली, आता डी-वनमध्ये दुसऱ्या वर्षाला आहे.

मुलींना ज्युनियर नाही. बारावी झाली की थेट कॉलेज, १८ व्या वर्षी. त्यामुळे सगळा हिशेब लवकरचा. कोचला तुमच्या मुलीशी बोलायची मुभा दहावी संपल्यावर १५ जूनपासून, कॅम्पसवर रीतसर बोलावणं त्याच वर्षी १ ऑगस्टपासून. अकरावीच्या हिवाळ्यापर्यंत बऱ्याच मुलींचं ठरलेलं असतं. मुलांना बोलायची मुभा दहावीच्या मधोमध १ जानेवारीपासून, ऑफर आणि व्हिजिट मात्र अकरावीच्या आधीच्या १ ऑगस्टपासून. निशाताई, तुमच्या मुलासाठी ती तारीख १ जानेवारी २०२७. त्याआधी कोचनं उत्तर दिलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, त्याला द्यायची परवानगीच नाही. कॅम्पचं ब्रोशर आणि प्रश्नावली मात्र तो कधीही, कोणालाही पाठवू शकतो. तुम्हाला येतात त्या ईमेल त्याच. कोचचं तुमच्या मुलावर लक्ष आहे असा त्याचा अर्थ नाही. त्याच्या असिस्टंटच्या पगाराला कॅम्पचा हातभार लागतो, एवढंच बऱ्याच वेळा खरं असतं.

मुलीनं स्वतः ईमेल लिहायची, आईनं नाही. कोचना दोन ओळींत कळतं कोणी लिहिलंय ते. तिची पहिली ईमेल आम्ही जेवणाच्या टेबलावर बसून छाटली होती. विषयाच्या जागी नाव, जन्मवर्ष, पोझिशन, टीम, जर्सी नंबर. आत चार वाक्यं: मी कोण, जीपीए किती, तुमच्याच कॉलेजात का (“मोठी परंपरा” लिहिलं होतं ते काढायला लावलं, तिला बायोमेडिकल करायचं होतं, ते लिहिलं), आणि पुढच्या तीन शनिवार-रविवारी मी कुठल्या रिंकवर किती वाजता खेळतेय. शेवटी क्लबच्या कोचचा नंबर आणि अडीच मिनिटांचा व्हिडिओ. व्हिडिओत गोलांपेक्षा पक हरवल्यानंतर ती काय करते ते जास्त ठेवलं होतं, क्लबच्या कोचनं तसं सांगितलं म्हणून.

एकदा एका स्पर्धेत मी काचेच्या कोपऱ्यापाशी उभी होते. शेजारी दोन कॉलेजचे कोच, हातात कॉफी, गळ्यात लॅमिनेट केलेली यादी. आमची ओरडाआरड चालू होती ती गोलवर. त्यांनी मान वर केली ती शिफ्ट संपवून मुली बेंचवर येत होत्या तेव्हा. कोण धावत येते, कोण रमतगमत. कोचनं सुनावल्यावर कोण खांदे उडवते. दुसरा पीरियड संपला आणि ते निघून गेले. तिसऱ्यात आमच्या मुलीनं दोन गोल केले, ते बघायला कोणी नव्हतं.

मुलींसाठी डी-वन पातळीच्या टीम पंचेचाळीसच्या आसपास आहेत. कॅनडातून खूप मुली येतात, पण सीएचएलचा धक्का इकडे नाही.

चिमण_०३ | ७ ऑक्टोबर, दुपारी १२:२०

नमस्कार. मी पालक नाही, मी प्लेयर आहे. होतो. आहे. माझं मराठी बोलायचं आहे, लिहायचं नाही, चूक असेल तर सांभाळून घ्या.

मला सोळाव्या वर्षी ट्रिपल-ए मधून कट केलं. डबल-ए खेळलो. बारावीनंतर एक वर्ष टियर-थ्री ज्युनियर. आईबाबांनी पैसे भरले. आमच्या टीमचा सेल्समन (तो कोचच होता) सांगायचा की मागच्या वर्षी इतकी मुलं “कॉलेज कमिट” झाली. मी नंतर एकेक नाव शोधलं. बहुतेक अशा कॉलेजात होती जिथे तो मुलगा हॉकी न खेळता पण गेला असता. काही एसीएचएला. ते वाईट नाही, मी स्वतः तिथेच आहे. पण त्यासाठी एक वर्ष आणि इतके डॉलर लागत नाहीत.

एसीएचए म्हणजे क्लब हॉकी. एनसीएएच्या बाहेर. आपण ड्यूज भरतो. काही टीम खूप सीरियस आहेत, बस, ट्रेनर, रोज प्रॅक्टिस. पेन स्टेट २०१२ पर्यंत तिथेच खेळायचे, मग एका मोठ्या डोनेशनमधून रिंक झालं आणि डी-वन झाले. कॅलिफोर्नियामध्ये कोणाची डी-वन टीम नाही, यूएससी, यूसीएलए सगळे क्लब. एमआयटीचीपण व्हार्सिटी टीम होती, २००९ ला बंद केली, आता क्लब. म्हणजे कंप्युटर सायन्ससाठी कॉलेज निवडलं तरी हॉकी सुटत नाही. मी आठवड्यात तीनदा प्रॅक्टिस करतो, शुक्रवार-शनिवार गेम, आणि इंटर्नशिप पण केली.

पण ताई, तुमच्या मुलाला हे आत्ता सांगू नका. चौदा वर्षाला मला कोणी सांगितलं असतं “क्लब हॉकी छान आहे” तर मी दार आपटलं असतं.

मिनेसोटाचा_बापू | ७ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४५

चिमण्या, शाब्बास. मराठी चांगलं आहे तुझं, आमच्या थोरल्यापेक्षा बरंच.

पैशाचं राहिलं होतं. डी-थ्रीत खेळासाठी स्कॉलरशिप नसते, हे आधीच लिहून ठेवा. आयव्ही लीगमध्येही (हार्वर्ड, येलसारख्या आठ जुन्या युनिव्हर्सिट्या) नसते. आयव्हीपैकी सहा ठिकाणी डी-वन हॉकी आहे; पेन्सिल्व्हेनिया युनिव्हर्सिटी (पेन स्टेट नव्हे) आणि कोलंबियात नाही. बाकी डी-वनमध्ये पूर्वी एका टीमला १८ स्कॉलरशिप असायच्या, त्या तोडून-तोडून २५-२६ जणांत वाटायचे. कोणाला पूर्ण, कोणाला निम्मी, कोणाला पुस्तकांपुरती. यंदा जूनमध्ये हाउस खटल्याची (खेळाडूंच्या पैशांवरून एनसीएएविरुद्ध चाललेला) तडजोड मंजूर झाली. जी कॉलेजं त्यात सामील झाली तिथे १८ ची मर्यादा गेली, त्याऐवजी रोस्टर (संघातली मुलं) जास्तीत जास्त २६. सगळ्या २६ जणांना पूर्ण पैसे द्यायची आता मुभा आहे. मुभा आहे, सक्ती नाही. फुटबॉलवाल्या मोठ्या युनिव्हर्सिट्या देतील. ज्यांचं आधीच ओढाताणीत चाललंय ते कुठून देणार? आणि २६ ची कडक मर्यादा आली की वॉक-ऑन (बिनस्कॉलरशिपचा) म्हणून सत्ताविसावा ठेवायचे तेही गेलं.

नॅशनल लेटर ऑफ इंटेंटही गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये रद्द झालं. आता सही होते ती आर्थिक मदतीच्या करारावर. त्याआधीचं “कमिट” म्हणजे तोंडी बोलणं. सोशल मीडियावर टोपी घालून फोटो टाकला तरी दोघांपैकी कोणीही बांधील नाही.

अ‍ॅडव्हायझरबद्दल माझं मत कडक आहे. चौदाव्या वर्षी गरज नाही. ज्युनियरच्या टीम निवडायची वेळ आली, दोन-तीन ठिकाणांहून बोलावणी आली, तर ओळखीचा आणि फोन उचलणारा माणूस कामी येतो. तोवर क्लबचा कोच पुरतो. कॉलेजवाले चौकशी करतात ती त्याच्याकडेच. म्हणून मुलाला बर्फावर किती वेळ उतरवतो यावरून कोचशी भांडू नका (हे मी स्वानुभवावरून लिहीत नाही, असं समजा).

आयव्हीची_वेल | ७ ऑक्टोबर, रात्री १०:३०

मी एका प्रेप स्कूलमध्ये (कॉलेजची तयारी करून घेणारी खासगी शाळा) शिकवते, नाव सांगत नाही. अभ्यासाचं कोणीतरी लिहायलाच हवं.

डी-वनसाठी १६ कोअर कोर्सेस (एनसीएए-मान्य मुख्य विषय) लागतात. त्यातले १० बारावी सुरू व्हायच्या आत पूर्ण हवेत, आणि कोअरमध्ये किमान २.३ जीपीए. आपल्या मुलांना हे अवघड नाही, पण ऑनलाइन शाळा किंवा वेगळा बोर्ड असेल तर कोर्स एनसीएएच्या यादीत आहे का ते नववीतच बघा. एसएटीची अट एनसीएएनं २०२३ मध्ये काढली. कॉलेजनं काढली असेलच असं नाही, त्यामुळे निशाताईंच्या घरच्या सूचनेत तथ्य आहे.

गंमत अशी की २.३ वाला आणि ३.९ वाला सारखेच खेळत असतील तर कोच कोणाला घेतो? ३.९ वाल्याला. कोचवर प्रेमाचा उमाळा येतो म्हणून नाही. त्याला गुणवत्तेवरची आणि गरजेवरची मदत कॉलेजच्या दुसऱ्या खिशातून मिळते, कोचचं बजेट वाचतं. डी-थ्रीत तर सगळा खेळच हा. मिडलबरी, विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट अशा ठिकाणी कोच अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात मार्कशीट मागून घेतो आणि अ‍ॅडमिशन ऑफिसला विचारतो की हा चालेल का. त्याला प्री-रीड म्हणतात. तिथे होकार आला तर पुढे बोलणी. एका चांगल्या डी-थ्री कॉलेजात हॉकीमुळे मिळालेला प्रवेश आणि गरजेनुसार मिळालेली मदत ही बऱ्याच अर्धवट डी-वन स्कॉलरशिपपेक्षा घरच्या हिशेबात बरी पडते. डी-थ्रीची हॉकी म्हणजे टाइमपास, असं समजणाऱ्यांनी होबार्टचा एक सामना बघून यावा. लागोपाठ तीन राष्ट्रीय विजेतेपदं आहेत त्यांच्याकडे, २०२३ ते २०२५.

ज्यांना इंजिनिअरिंग आणि डी-वन दोन्ही हवंय त्यांनी आरपीआय, क्लार्कसन, मिशिगन टेक ही नावं बघून ठेवावीत. निशाताई, तुमच्या एका राज्यात डी-वनच्या सात टीम आहेत. एप्रिलमध्ये राष्ट्रीय विजेतेपद घेतलं ते कलामाझूच्या वेस्टर्न मिशिगननं, अ‍ॅन आर्बरच्या मिशिगन युनिव्हर्सिटीनं नाही.

प्रेप स्कूलचं विचारणार असाल तर: शॅटक-सेंट मेरीज किंवा न्यू इंग्लंडमधल्या शाळांना हॉकीचं मोठं नाव आहे, आणि फीही तशीच. काही मुलं दहावी किंवा अकरावी पुन्हा करून एक वर्ष वाढवून घेतात. आपल्याकडे “वर्ष वाया गेलं” म्हणतात. इथे त्याचे पैसे भरून करतात.

कायदेबाज | ८ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

सगळं वाचलं. एक प्रश्न कोणीच विचारला नाही. निशाताई, मुलगा पुण्याला जन्मला म्हणालात. ग्रीन कार्ड झालंय का?

नोव्हीची_निशा | ८ ऑक्टोबर, दुपारी १:३०

नाही. ईबी-२ (नोकरीवरचं ग्रीन कार्ड), प्रायॉरिटी डेट म्हणजे रांगेतली तारीख २०१७. मुलगा एच-४ वर, म्हणजे आईबाबांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर.

कायदेबाज | ८ ऑक्टोबर, रात्री ९:२०

मग बापूंनी सांगितलेलं वयाचं गणित तुमच्यासाठी दुप्पट महत्त्वाचं. मी वकील नाही, पण यातून घरातलं एक माणूस गेलंय, म्हणून लिहितो. शेवटचा शब्द वकिलाचा.

एच-४ एकविसाव्या वाढदिवसाला संपतो. तुमचा मुलगा जानेवारी २०३२ मध्ये २१ चा होईल. बारावी जून २०२९ मध्ये. दोन हंगाम ज्युनियर खेळला तर २०३१ च्या ऑगस्टमध्ये, २० व्या वर्षी कॉलेजात जाईल आणि पहिल्याच वर्षी, ऐन हंगामात, जानेवारीत एच-४ संपेल. म्हणजे एफ-१ ची (विद्यार्थी व्हिसाची) तयारी आधीपासून हवी. तिसरा ज्युनियर हंगाम खेळायचा म्हटलं तर आणखी अवघड: २०३१-३२ चा हंगाम वयात बसतो, पण मधेच २१ पूर्ण. एफ-१ ला पूर्णवेळ शिक्षण लागतं, नुसतं ज्युनियर हॉकी खेळण्यावर तो मिळत नाही. त्याच्या टीममधल्या अमेरिकन मुलाला जी तीन वर्षं आहेत त्यातली तुमच्याकडे दोनच आहेत, असं धरून चला. मधे ग्रीन कार्ड झालं तर सोन्याहून पिवळं.

दुसरं. एफ-१ वर खेळाची स्कॉलरशिप घेता येते, त्याला अडचण नाही. पण आता कॉलेजं खेळाडूंना जे थेट पैसे देऊ लागली आहेत, किंवा जाहिरातीचे एनआयएल करार, ते एफ-१ वर नोकरीच्या व्याख्येत शिरतात का हा वादाचा प्रश्न आहे. कोचनं “सगळे घेतात” म्हटलं तरी सही करू नका. ओएचएलच्या भत्त्याचंही तेच, एच-४ वर काम करता येत नाही.

तिसरं, मिशिगनमध्ये राहून स्थानिक फी लागेल का हे प्रत्येक युनिव्हर्सिटीचं वेगळं असतं. एच-४ असताना दाखल होणं आणि एफ-१ होऊन दाखल होणं यात काही ठिकाणी फरक पडतो. आधी विचारा.

सदाशिव_पेठेतून | ८ ऑक्टोबर, रात्री १०:००

इथे चार वर्षांच्या इंजिनिअरिंगसाठी आम्ही सीईटीला रडतो. तुमच्याकडे तर पोराला स्केट्स घालायच्या आधी वकील गाठायला लागतो. (हलके घ्या.)

मिनेसोटाचा_बापू | ८ ऑक्टोबर, रात्री १०:४०

कायदेबाज, हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. आमची मुलं इथेच जन्मली, त्यामुळे माझ्या डोक्यात आलंच नसतं.

निशाताई, मग असं करून बघा. दहावी-अकरावीत मुलगा कुठल्या पातळीवर आहे ते स्पष्ट दिसेल. यूएसएचएलवाले बोलत असतील तर दोन वर्षांचा जुगार खेळावा. एनएएचएलच्या काठावर असेल तर एक वर्ष. त्याखाली असेल तर थेट डी-थ्री किंवा क्लब, आणि १८ व्या वर्षीच कॉलेज. तसंही काही चांगली डी-थ्री कॉलेजं बारावीतून थेट मुलं घेतात, संख्या कमी असते एवढंच. डिफेन्सवाल्यांना मोठं व्हायला जरा वेळ दिला जातो, तो तुमच्या बाजूनं आहे.

शोकेसला पैसे घालायचेच असतील तर त्याची स्वतःची टीम जिथे जाते तिथेच घाला. यूएसएचएलचा फॉल क्लासिक पिट्सबर्गजवळ क्रॅनबरीला असतो, एनएएचएलचा शोकेस आमच्याकडे ब्लेनला. एका सप्टेंबरात त्याला नुसता बघायला घेऊन जा. १८-१९ ची मुलं कोणत्या वेगानं खेळतात ते एकदा काचेजवळून बघितलं की घरातली निम्मी चर्चा मिटते.

नोव्हीची_निशा | ९ ऑक्टोबर, रात्री ११:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. आज जेवताना आम्ही तिघांनी मिळून धागा वाचला. व्हिसाचं वाचून घरात थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग चिरंजीवांनी विचारलं, “म्हणजे मला सोळाव्या वर्षीच यूएसएचएलला जायला लागेल?” म्हटलं, बघू.

तूर्तास ठरलंय ते असं. अ‍ॅडव्हायझर नाही. पैसे घेऊन ‘निवड’ करणाऱ्या शोकेसना रामराम, एक कॅम्प फक्त, तोही घराजवळच्या कॉलेजचा, त्याला तिथले कोच कसे शिकवतात ते बघायचंय म्हणून. कोअर कोर्सेसची यादी शाळेच्या काउन्सेलरकडून पुढच्या आठवड्यात. इमिग्रेशन वकिलाची वेळ घेतली आहे. आणि नवऱ्याचं एसएटीचं म्हणणं मान्य, फक्त त्यांना सांगू नका.

स्वराली, त्या ईमेलचा साचा मला व्यनि करशील का?

स्वराली_एम | १० ऑक्टोबर, सकाळी ६:५०

करते. पण तो भरायचा त्यानं, तुम्ही नाही.

गोलपोस्ट_बाबा | १० ऑक्टोबर, सकाळी ८:००

धागा उशिरा पाहिला. माझा मुलगा गोली आहे, २०१२ चा. त्याला हेच सगळं लागू का?

चिमण_०३ | १० ऑक्टोबर, सकाळी ८:२५

काका, टीममध्ये गोली तीन, खेळतो एक. म्हणजे कॉलेजला वर्षाला एखादाच लागतो, तोही ज्यांचा सोडून जातोय त्यांना. कोणत्या कॉलेजचा गोली कोणत्या वर्षाला आहे ते रोस्टरवर असतं, एक्सेल करा. आणि पॅड दोन वर्षांनी लहान होतात, वापरलेले घ्या.